आधी अंधार, की आधी केबल?

१

लेन बॅरॅक्लफ भाजला तेव्हा नीना टेबलाखाली होती आणि तिच्या हातात स्क्रीनची केबल होती. एवढं खोलीतल्या सगळ्यांनी पाहिलं. त्याच्या आधी काय झालं, ते मात्र कुणालाच धड सांगता येईना. मला तर नाहीच नाही, आणि मी तिच्या शेजारच्या टेबलावर होते.

केल्सो वेलच्या वणवा नियंत्रण खोलीत आम्ही चौघं. आमचा साहेब क्लेम हार्टविग, पूर्वी लष्करात होता. नीना वुकोविच, तिच्या स्क्रीनवर प्रत्येक बंब नकाशावरच्या ठिपक्यासारखा सरकताना दिसायचा. कोपऱ्यात म्हातारा डार्सी पेनरोझ, हवामान आणि पाण्याच्या टाक्या बघणारा. आणि मी, ब्रिजेट. वायरलेसवर बोलायचं काम माझं. नीना मला रस्ता सांगणार, मी तो बंबावरच्या माणसांना सांगणार. बंबांवर दुसरं कोण असणार? गावचेच शेतकरी, मेकॅनिक, शाळेचा बसचालक. लेन त्यांच्यातलाच एक.

नाताळ नुकताच झाला होता, म्हणजे आमच्याकडचा ऐन उन्हाळा. सकाळपासून उत्तरेचा कोरडा, भट्टीसारखा वारा. दुपारी पेल्यू टेकडीमागे कापणी झालेल्या गव्हाच्या रानाला आग लागली. लेनचा बंब टेकडीखालच्या घळीत होता. सगळं बरं चाललेलं. एकाएकी वायरलेसवर लेन ओरडला, "वारा फिरला! ब्रिज, आग आमच्याकडे वळलीय! रस्ता सांग, लवकर!"

"नीना, कुठून काढू त्याला?" मी विचारलं.

वळून बघते तो स्क्रीन काळी ठिक्कर, आणि नीना टेबलाखाली.

"नीना, डावीकडे की उजवीकडे?"

"दिसत नाही! मला काही दिसत नाही गं!"

भिंतीवरच्या नकाशापाशी उभा असलेला क्लेम गर्रकन वळला आणि त्याला नीनाच्या हातातली केबल दिसली.

लेननं शेवटी आपल्या मनानं डावी वाट धरली. उजवीकडे नांगरलेली मोकळी जमीन होती, तिथं आग पोचलीच नसती. त्याच्याबरोबरचे दोघं बंबाच्या आत ओल्या घोंगड्यांखाली पडून राहिले म्हणून सुखरूप सुटले. लेन पाइप आवरायला बाहेर उतरलेला. त्याचे दोन्ही हात आणि पाठ भाजली. विमानानं त्याला ॲडलेडला नेलं.

"काय केलंस हे?" क्लेम नीनाला म्हणाला. आवाज अगदी हळू. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

"मी नाही केलं! आधीच काळी झाली होती. म्हणून मी केबल काढून परत लावत होते."

"आधीच?" क्लेमनं माझ्याकडे पाहिलं. "ब्रिज, तू बघितलंस?"

मी आठवून पाहिलं. लेन ओरडला, मी खिडकीबाहेरच्या धुराकडे पाहिलं, मग नीनाकडे. मधे काय झालं?

"मला नाही सांगता येत," मी म्हटलं. नीनानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी नजर खाली घातली.

२

गावात संध्याकाळपर्यंत निकाल लागून गेला होता. त्याला कारणही तसंच होतं. बंदीच्या काळात शेतातलं धसकट जाळलं म्हणून लेननं नीनाच्या नवऱ्याची, मिलानची तक्रार केली होती आणि मिलानचा जाळण्याचा परवाना गेला होता. त्यावरून पबमध्ये दोघांची कॉलर धरण्यापर्यंत मजल गेलेली. आता बेकरीत नीनाला कुणी पाव देईना. "बायकोनं सूड घेतला," असं लोक तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलायचे.

आमच्या स्क्रीन काळ्या पडायच्या, हे खरं होतं. थंडीपासून ते सुरू झालेलं. कधी माझी, कधी नीनाची, कधी दोन्ही एकदम. पापणी मिटून उघडावी तशी जायची आणि यायची. कधी आठवडाभर काही नाही, कधी एका दुपारी तीन वेळा. शहरातून स्कॉट नावाचा तंत्रज्ञ आला. त्यानं केबल बदलली, स्क्रीन बदलली, अख्खा संगणक बदलला. मग नीनाच्या जागेवर दिवसभर ठाण मांडून बसला. स्क्रीन आपली दिव्यासारखी लख्ख. तो गेला आणि स्क्रीन गेली.

"मी असताना कशी जात नाही ती?" क्लेम म्हणायचा. "मी तर दिवसभर इथंच असतो. मला एकदाही दिसलं नाही. तुमच्या मनाचे खेळ आहेत."

वणव्याचं कारण शोधायला सरकारनं ऑड्रा नित्शकेला पाठवलं. साठीची उंच बाई, उन्हानं रापलेली, बूट राखेनं माखलेले. कापणीयंत्राचं तापलेलं बेअरिंग तिनं लगेच शोधून काढलं. ती परत निघणार तेवढ्यात आमचा फौजदार आयव्हर तिला आमच्या खोलीत घेऊन आला.

"बाई, आग कुठून सुरू झाली ते तुम्ही सांगितलंत," तो म्हणाला. "आता अंधार कुठून सुरू झाला तेही सांगा. या बाईवर गुन्हा दाखल करायचा की नाही, मला ठरवायचंय. आणि खरं सांगू? मला काडीचंही कळत नाहीये."

ऑड्रानं खोलीभर नजर फिरवली. "मलाही संगणकातलं कळत नाही. पण आगीत एक असतं. सगळे ज्वाळा कुठं होत्या ते सांगतात. ज्वाळेच्या आधी तिथं काय होतं ते कुणी सांगत नाही. ब्रिजेट, तुझी स्क्रीन शेवटची कधी गेली?"

"लेनच्या आगीच्या आदल्या दिवशी."

"त्याच्या आधी तू काय करत होतीस?"

"काही नाही. दारात साप आला होता. मी किंचाळले आणि पळाले."

"आणि त्याच्या आधीच्या खेपेला?"

"आमचा संघ जिंकला. नीना आणि मी नाचलो." मला लाज वाटली. "कामावर असताना नाही हो, म्हणजे... कामावरच."

तिला हसू आलं नाही. "आणि लेन ओरडला तेव्हा तुझी गेली होती?"

मी खिडकीकडे पाहत होते. माझी स्क्रीन गेली होती की नव्हती, हे मला खरंच माहीत नव्हतं.

"म्हणजे महत्त्वाचं काही घडलं की स्क्रीन जाते," आयव्हर म्हणाला. "साप, सामना, आग. बाई, यंत्राला काय कळतं महत्त्वाचं काय ते? हे माणसाचंच काम."

हे मात्र आम्हा सगळ्यांना पटलं. आणि सगळे नकळत डार्सीच्या कोपऱ्याकडे बघायला लागले.

३

कारण डार्सीची स्क्रीन कधीच गेली नव्हती. एकदाही नाही.

आणि संगणक आले त्या दिवसापासून डार्सी त्यांच्या नावानं खडे फोडत होता. "कागदाचा नकाशा कधी काळा पडतो का गं?" हे त्याचं पालुपद. भिंतीवरचा जुना नकाशा तेवढा त्याच्याच हट्टामुळे टिकला होता.

"बघू नका असे," तो म्हणाला. "माझी नीट चालते हा माझा गुन्हा झाला का?"

"एकट्या तुझीच कशी नीट चालते, एवढंच विचारतोय," क्लेम म्हणाला.

"मला काय ठाऊक! मी तिला शिव्या घालतो, तुम्ही लाड करता. शिव्यांनी सुधारत असेल."

ऑड्रा त्याच्या टेबलापाशी गेली. तिनं मागच्या वायरी पाहिल्या. आमच्याच जातीच्या होत्या. संगणकही तोच, स्क्रीनही तीच. तिनं डार्सीच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "ही घरची वाटतं?"

"स्वयंपाकघरातली. लाकडी. माझ्या कंबरेला तीच लागते. थंडीत गावातली बँक बंद झाली तेव्हा त्यांच्या गुबगुबीत खुर्च्या आम्हाला दान आल्या. बसलं की खाली जातात, उठलं की वर येतात. मला नको असला पाळणा."

"आणि साहेब, तुमची खुर्ची कुठंय?"

"मी कामावर बसत नाही," क्लेम ताठ्यानं म्हणाला.

"डार्सी, दिवसभर इथं बसून असता ना? नीनाच्या टेबलापाशी कधी गेला होतात?"

डार्सीचा चेहरा एकदम उतरला. "आगीच्या आदल्या दिवशी," तो म्हणाला. "ती जेवायला गेलेली. मी टेबलाखाली शिरलो होतो."

नीना उभी राहिली. "डार्सी? तू?"

"केबल घट्ट करत होतो गं! सारखी वैतागायचीस, बघवेना मला." म्हातारा आपल्याच बोटांकडे बघू लागला. "आता वाटतं, माझ्याच हातून काही बिघडलं असेल. सांगायची हिंमत झाली नाही."

आयव्हरनं टोपी काढून डोकं खाजवलं. एक गुन्हेगार पुरत नव्हता म्हणून आता दोन झाले होते.

४

"अजून कोण येतं इथं?" ऑड्रानं विचारलं.

"डॉट यायची," मी म्हटलं. "आता नाही येत."

डॉट फेनिमोर रोज दुपारच्या चहाला घरचे स्कोन, म्हणजे लोणी लावून खायचे छोटे गोड पाव, घेऊन यायची. नवरा गेल्यापासून आमच्यासाठी भाजणं हाच तिचा विरंगुळा. पण ती दारात आली की स्क्रीन गेलीच म्हणून समजा. आधी आम्ही तिच्या चहाच्या विजेच्या भांड्याला दोष दिला आणि ते बंद करायला लावलं. ती थर्मास आणायला लागली. तरी स्क्रीन जायच्या. मग थट्टा सुरू झाली, "आली बघा काळी मांजर." मीही हसले होते. एक दिवस ती यायची थांबली.

तिच्या घरी ऑड्रा आणि मी गेलो तर तिनं दार अर्धंच उघडलं.

"मी काही केलं नाही हो," ती म्हणाली. "मी आगीच्या दिवशी तिथं नव्हतेच."

"म्हणूनच आलेय," ऑड्रा म्हणाली. "तुम्ही नसताना स्क्रीन गेली, म्हणजे दोष तुमचा नाही. आत येऊ?"

डॉटनं चहा केला. बिस्किटं काढली. आणि मग तिला रडू फुटलं. "माझ्या अंगातच काहीतरी आहे. आर्थर गेला, मग कोंबड्या गेल्या, मग तुमच्या स्क्रीन. मी आले की जातातच ना! तूच सांग ब्रिजेट, जातात ना?"

"जातात," मी म्हटलं. खोटं कसं बोलू?

"डॉट," ऑड्रानं विचारलं, "तुम्ही दारात आलात की ही मंडळी काय करतात?"

"काय करणार? खातात."

"खाण्याच्या आधी?"

डॉटनं एप्रनला डोळे पुसले. "ट्रे जड असतो ना. माझ्या हातून घ्यायला दोघी धावत येतात. पोरी चांगल्या आहेत हो."

मी पुढचं बिस्किट उचललं. ऑड्रानं तिच्या हातातलं मात्र बशीत ठेवलं आणि कितीतरी वेळ ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या तोंडाला काही लागलंय की काय, असं वाटून मी हनुवटी पुसली.

"उद्या सगळ्यांना बोलवा," ती म्हणाली. "डॉट, तुम्हीसुद्धा. ट्रे घेऊन."

५

दुसऱ्या दिवशी पुन्हा उत्तरेचा वारा होता. दाराची मूठ धरली की बोटाला चटका बसावा इतकी कोरडी हवा. नीनाला मिलान सोडायला आला आणि भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभा राहिला. फौजदार त्याच्यावर नजर ठेवून. डॉट स्वयंपाकघरात.

"नीना, जागेवर बस," ऑड्रा म्हणाली. "ब्रिजेट, तूही. आता उठा."

आम्ही उठलो. स्क्रीन लख्ख.

"बसा. उठा."

काही नाही. तिनं आम्हाला जागा बदलायला लावल्या. बसलो, उठलो. डार्सीला गालात हसू फुटलं, "चर्चमध्ये प्रार्थना चाललीय जणू." स्क्रीन ढिम्म.

ऑड्राचा चेहरा पडला. मला तर ती काय शोधतेय हेच कळत नव्हतं, पण तिला ते सापडलं नाही एवढं कळलं. नीनाचे डोळे भरून आले.

"बाई, नाटक पुरे," क्लेम म्हणाला. "मी तिच्या हातात केबल पाहिली. यापेक्षा वेगळं काही असेल तर सांगा."

आयव्हरनं टोपी घातली. "मला वाटतं, मिसेस वुकोविच, तुम्ही माझ्याबरोबर..."

"थांबा," ऑड्रा म्हणाली. "निदान चहा घेऊन जा. डॉटनं एवढं केलंय." आणि ती खांदे पाडून स्वयंपाकघरात गेली.

नीना आणि मी खुर्च्यांत परत बसलो. 

तेवढ्यात आत धाडकन आवाज झाला. भांडी खळाळत फरशीवर पडली आणि डॉटची किंकाळी, "अगं आई गं! मेले!"

आम्ही दोघी ताडकन उठलो.

"हलू नका!" ऑड्रा दारात उभी होती, हातात रिकामा ट्रे. तिच्या मागं डॉट, धडधाकट. "हलू नका. स्क्रीनकडे बघा."

दोन्ही स्क्रीन काळ्या होत्या.

कुणीही हात लावला नव्हता. केबल जागच्या जागी. मिलान भिंतीशी, डार्सी त्याच्या लाकडी खुर्चीवर. आम्ही बघत असताना आधी माझी स्क्रीन उजळली, मग नीनाची. सगळे ठिपके परत जागेवर.

"हळू उठलं तर काही होत नाही," ऑड्रा म्हणाली. "मघाशी मी मूर्खासारखी तुम्हाला हळू उठवत होते. पण सापाला बघून कुणी हळू उठतं का? डॉटचा ट्रे धरायला? आपल्या माणसाच्या अंगावर आग आली तर?"

"पण उठण्याचा नि स्क्रीनचा संबंध काय?" आयव्हरनं विचारलं. माझ्याही मनात तेच होतं.

"खुर्च्या. त्यांच्या पोटात वायूची नळी असते, तिच्यावर त्या वरखाली होतात. झटक्यानं उठलं की अंगाची घासाघासी होते, नळी फटकन सुटते आणि तिथं विजेची एक बारीक ठिणगी उडते. आपल्याला दिसतही नाही. पण जवळून गेलेल्या केबलला ती जाणवते आणि स्क्रीन क्षणभर गोंधळते. रात्री मी त्या स्कॉटला फोन केला. तो म्हणाला, हे ऐकलं होतं, पण मला ती थाप वाटली. तो दिवसभर बसून होता ना, उठलाच नाही. साहेब बसतच नाहीत, नि त्यांचं तोंड सदा भिंतीवरच्या नकाशाकडे. आणि डार्सीची खुर्ची लाकडी."

डार्सी तरातरा आला, नीनाच्या खुर्चीत बसला आणि कंबर विसरून उडी मारून उठला. स्क्रीन काळी. तो पुन्हा बसला, पुन्हा उठला. काळी.

"म्हणजे महत्त्वाच्या वेळीच जायची ती याचमुळे," आयव्हर पुटपुटला. "महत्त्वाच्या वेळी माणूस बसून राहत नाही."

क्लेम नीनासमोर जाऊन उभा राहिला. "मी चुकीचं पाहिलं नव्हतं," तो म्हणाला. "पण अर्धंच पाहिलं. मला माफ कर."

मिलाननं पहिल्यांदाच हाताची घडी सोडली. डॉट स्कोन वाटायला लागली. सगळे एकदम बोलत होते. फक्त नीना अजून स्क्रीनकडेच बघत होती.

६

ती ऑड्रामागे गाडीपर्यंत गेली. मी ऑड्राची राहिलेली पिशवी द्यायला गेले होते म्हणून मला ऐकू आलं.

"स्क्रीन आपोआप परत आली," नीना म्हणाली. "आज. कुणी हात न लावता."

"हो."

"त्या दिवशीही आली असती? मी केबल काढली नसती तर?"

ऑड्रानं गाडीचं दार धरलं होतं. ती सहज काहीतरी गोड बोलू शकली असती. मला वाटलं, बोल बाई, काय जातं तुझं.

"आली असती," ती म्हणाली. "तुला उजवीकडची नांगरलेली जमीन दिसली असती. पण तुला ते माहीत असायला काही मार्ग नव्हता, नीना. तेही तितकंच खरं आहे."

नीनानं मान हलवली. गाडी धुळीत दिसेनाशी झाली तरी ती तिथंच उभी.

बँकेच्या खुर्च्या आम्ही बाहेर काढल्या. बेकरीवालीनं पाव स्वतः घरी नेऊन दिला. नीनानं तो घेतला, पण ती कामावर येईना. मग एक दिवस ती मला म्हणाली, "मी लेनकडे जातेय. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मला सांगायचंय. तू येतेस?"

मिलाननं गाडी चालवली. ॲडलेडच्या इस्पितळात लेन खिडकीशी बसला होता, दोन्ही हात पांढऱ्या गाठोड्यांसारखे. मिलानला बघून त्याच्या भुवया वर गेल्या.

नीनानं बसण्याआधीच सांगून टाकलं. खुर्च्या, ठिणगी, आपोआप येणारी स्क्रीन. आणि शेवटी, "मी जरा थांबले असते तर तुला उजवीकडे काढलं असतं."

लेननं खिडकीबाहेर पाहिलं. खाली रस्त्यावर ट्राम गेली.

"स्क्रीन जाण्याआधी मी दिसत होतो का तुला?" लेननं विचारलं.

"दिसत होतास. घळीत. कुंपणाच्या अलीकडे."

"कुंपणाच्या अलीकडे," तो म्हणाला. "बघ, मला हे आत्ता कळतंय. मला वाटत होतं मी पलीकडे आहे, आणि पलीकडून डावीकडेच सुटता येतं. धुरात मला माझा हात दिसत नव्हता गं. मी देवाचं नाव घेऊन वळलो."

नर्सनं ठेवलेला चहा त्याच्यापुढे तसाच निवत होता. नीनानं कप उचलला आणि त्याच्या ओठांशी धरला. तो थोडा मागे सरला. मग प्यायला. दोन घोट, मग तिसरा. थोडा हनुवटीवर सांडला, तो मिलाननं पुढे होऊन आपल्या रुमालानं टिपला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

"साखर कमी आहे," लेन म्हणाला. "इथल्या पोरींना सांगून सांगून थकलो. पुढच्या खेपेला येताना घरून करून आण."

नीनानं विचारलं, "किती चमचे?"